डोहातले दगड

४ मार्च

मामा,

आधी कबुली देते, मग बाकीचं. गळाला लावायचे तुझे दोन खोटे मासे मी घालवले. एक तो चंदेरी पोटाचा आणि दुसरा हिरव्या पाठीचा, ज्याचे डोळे रंगवताना तू मला श्वाससुद्धा घेऊ देत नव्हतास. दोन्ही पाण्याखालच्या दगडांत अडकले आणि दोरी तुटली. रागावून घे, मग पुढचं वाच.

ह्यांचा पाय मोडला आहे. बांधाच्या पायऱ्यांवरून घसरले आणि घोट्याचं हाड दोन ठिकाणी गेलं. सहा आठवडे प्लास्टर. पाटबंधारे ऑफिसला आम्ही कळवलेलं नाही. कळवलं तर बदली राखणदार येणार, आणि बदली माणूस आला की त्याला राहायला हेच घर लागणार. मग आम्ही छकुलीला घेऊन कुठे जायचं? म्हणून सध्या बांधाची फेरी मी मारते. रोज सकाळी मातीच्या बांधाच्या माथ्यावरून एकदा आणि पायथ्याने एकदा चालायचं, पायथ्याशी झिरपणारं पाणी किती आणि कसं आहे ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. दर शनिवारी त्याची नक्कल ऑफिसला जाते. ह्यांच्या अक्षरासारखं अक्षर काढते मी. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर तुझी सही ठोकायचे, तो सराव कामी आला.

आमचं घर बांधाच्या अगदी खाली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळ दिसत नाही, नुसती गवताची भिंत दिसते. यंदा वरचं तळं काठोकाठ भरलं आहे. एवढं पाणी आपल्या डोक्याच्या वर आहे, हे सुरुवातीला भांडी घासतानाही आठवायचं. आता सवय झाली.

पायथ्याशी जिथे झिरपलेलं पाणी बाहेर येतं तिथे दगडांचा ढीग आहे आणि त्याच्यापुढे डोह. डोह ओढ्याला मिळतो आणि ओढ्यातून बास जातीचे मासे वर चढून येतात. मी डोळ्यांनी बघितलेत, हातभर लांब. पाणी काचेसारखं आहे, त्यामुळे त्यांनाही मी दिसते आणि ते ढुंकून बघत नाहीत. कोणता मासा बांधू ते सांग. ह्या घरात दिवसभर बोलायला ते बासच आहेत, कारण हे पाय वर करून पडले की नुसते कण्हतात.

तुझी,
ठकू

*

११ मार्च

ठकूबाई,

दोन मासे! एक मासा कोरायला, घासायला आणि सात हात रंग द्यायला मला चार दिवस लागतात. म्हणजे माझ्या आयुष्यातले आठ दिवस तू दगडांत घालून आलीस. जावईबापूंच्या पायापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, असं त्यांना सांगू नकोस.

आता ऐक. पाणी नितळ असलं की बास डोळ्यांनी शिकार करतो. त्याला भडक रंग दाखवलास तर तो तुला वेड्यात काढेल. लहान मासा बांध, करंगळीएवढा, चांदी आणि राखाडी रंगाचा. लांबून टाक आणि तुझी सावली पाण्यावर पडू देऊ नकोस. दोरी चार हात ओढ आणि थांब. माझा मासा ओढला की बुडतो आणि थांबलं की आपोआप वर येतो, कारण तोंडाखाली जी छोटी पट्टी बसवली आहे ती पाणी कापते. बास ओढताना मागे येतो आणि थांबल्यावर तोंड घालतो. घाईने सगळं बिघडतं, हे तू दहा वर्षांची असल्यापासून मी तुला सांगतोय आणि तू अजून घाईच करतेस. तेही जमलं नाही तर रबरी गांडूळ लाव आणि तळाशी नुसतं पडू दे. सोबत तीन मासे आणि एक डझन गांडुळं पाठवतोय.

पण हे तिन्ही त्या दगडांत गेले तर चौथा मिळणार नाही. कुणा शहाण्याने तिथे दगड ओतून ठेवलेत देव जाणे, बांधकामाचे उरलेले असतील. उचलून बाजूला टाक. काठावरचे राहू देत, कारण बास आडोसा धरून बसतो. पण मधले, जिथून पाणी बाहेर येतं तिथले, सगळे काढ. ताज्या थंड पाण्याच्या तोंडाशीच मोठा बास उभा असतो. तळ साफ असला की मासा थेट त्याच्या नाकासमोरून नेता येईल.

जावईबापूंना आणि छकुलीला आशीर्वाद.

मामा

*

२३ मार्च

मामा,

चार बास! त्यातला एक अडीच किलोचा. ओढून थांबले, मनात पाच आकडे मोजले आणि काठी हातातून जाते की काय असं झालं. ह्यांनी दोन्ही वेळा पोटभर खाल्लं आणि पहिल्यांदाच पायाचं गाऱ्हाणं केलं नाही.

दगड काढले. दोन रविवार लागले. पहार घेऊन एकेक उपटला आणि गडगडत खाली सोडला. वर मोठे दगड होते, त्यांच्याखाली मुठीएवढे, त्याखाली बारीक खडी आणि खडीखाली चाळलेली वाळू. कुणीतरी फार मन लावून भरलं होतं, आई डब्यात थर लावून वस्तू ठेवायची तसं. मधेच माझा हात थांबला. उरलेले दगड असे कुणी लावत नाही, असं वाटलं. पण तोवर निम्मं काम झालं होतं आणि तो मोठा बास काठाशी येऊन माझ्याकडे बघत होता. मग मी खडी आणि वाळूसुद्धा फावड्याने ओढून काढली.

ह्यांना सांगितलेलं नाही. सरकारी दगडाला हात लावला म्हटल्यावर ते प्लास्टरसकट उठून बसतील.

आता पाणी जोरात येतं. पूर्वी नुसतं पाझरायचं, आता मनगटाएवढी धार उकळल्यासारखी वर येते. तिथेच बास रांग लावून उभे असतात. पाणी मात्र थोडं दुधाळ झालंय. मी तळ ढवळला म्हणून असेल, बसेल दोन दिवसांत. तोवर कोणता मासा बांधू?

ठकू

*

३० मार्च

ठकूबाई,

पत्र दुकानात तीनदा मोठ्याने वाचलं. गिऱ्हाइकं कंटाळली, पण मी थांबलो नाही. अडीच किलो! माझ्या हातच्या माशावर!

पाणी दुधाळ झालं तर उलट बरंच आहे. बासला दिसेनासं झालं की तो अंगाने ऐकतो. आता लहान चंदेरी मासा ठेवून दे. मोठा घे, काळा किंवा गर्द पिवळा. ह्या पार्सलात जो काळा मासा आहे तो हलवून बघ, पोटात शिशाचे मणी आहेत, खुळखुळ्यासारखा वाजतो. हळू ओढ, धारेला घासून ओढ. गढूळ पाण्यात बास लांब जात नाही, जागेवरूनच झडप घालतो.

एक गंमत सांगतो. माझ्याकडे एक गिऱ्हाईक येतं, निवृत्त इंजिनीअर. माझ्या प्रत्येक माशाला नाक मुरडतात, म्हणून आम्ही त्यांचं नाव नन्नासाहेब ठेवलंय. तुझं पत्र ऐकताना हातातला चमचा, म्हणजे गळाला लावायचा पत्र्याचा चमचा, खाली ठेवून मला विचारतात, "पाणी स्वच्छ येतंय की गढूळ?" मी म्हटलं, दुधाळ. तर म्हणाले, "नक्की विचारून घ्या. आणि किती दिवसांपासून, तेही विचारा." मासे किती मिळाले हे विचारायचं सोडून माणूस पाण्याच्या चौकशा करतो! मी हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. पण विचारतो म्हणून कबूल केलंय, तर दोन ओळी लिही.

मामा

*

८ एप्रिल

मामा,

तुझा काळा खुळखुळा म्हणजे जादू आहे. सकाळच्या फेरीत सहा बास मिळाले. दोन ठेवून बाकीचे सोडून दिले.

नन्नासाहेबांना सांग, पाणी आता दुधाळ नाही, चहाच्या रंगाचं आहे. दोन आठवडे झाले, निवळत नाही. धार मांडीएवढी झाली आहे आणि तिच्याभोवती बारीक मातीचं वारूळ तयार झालंय. मी रोज पायाने मोडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं.

तुझ्यापासून काय लपवायचं, रजिस्टरमध्ये मी रोज "पाणी स्वच्छ" लिहिते. पहिल्यांदा गढूळ झालं तेव्हा वाटलं बसेल, आणि न बसलेलं लिहिलं तर तपासनीस येईल. तो आला की दगड कुठे गेले म्हणून विचारेल, आणि ह्यांचा पायही बघेल. एकदा स्वच्छ लिहिल्यावर मग गढूळ कुठल्या दिवसापासून लिहायचं तेच कळेना. हे विचारतात, "पाणी कसं आहे ग?" मी म्हणते, "काल होतं तसंच." ते मान डोलावतात. त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास आहे की मला त्यांच्याकडे बघवत नाही.

आणखी एक. बांधाच्या उतारावर, आमच्या खिडकीच्या बरोबर वर, गवतात एक खळगा पडलाय. छकुलीचा चेंडू सारखा तिथेच जाऊन बसतो. गेल्या आठवड्यात तो खळगा ताटाएवढा होता. काल तिने आत उतरून मला हाक मारली तेव्हा तिचं फक्त डोकं दिसत होतं.

घुशी असतील ना? नन्नासाहेब पाण्याचं का विचारत होते?

ठकू

*

१२ एप्रिल

ठकू,

हे पत्र उभ्या उभ्या वाच आणि लगेच छकुलीला उचल. जावईबापूंना खांद्यावर घ्यावं लागलं तर घे. टेकडीवर चढा, ओढ्याच्या बाजूला जाऊ नका. सामान घेत बसू नकोस. जायच्या आधी बांधावरचा धोक्याचा भोंगा वाजवायला लाव आणि ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीला बाहेर काढायला सांग.

ते उरलेले दगड नव्हते. पाणी झिरपू द्यायचं पण बांधाची माती धरून ठेवायची, ह्यासाठी ते थर असतात. गढूळ पाणी म्हणजे बांध आतून वाहून चालला आहे. तो खळगा म्हणजे आत पोकळी झाली आहे. हे सगळं नन्नासाहेबांनी मला तुझं पत्र हातात धरून सांगितलं.

त्यांनी माझ्यासमोर ऑफिसला फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, काळजी नको, रजिस्टरमध्ये रोज स्वच्छ लिहिलंय, गेल्या शनिवारचीही नक्कल समोर आहे. आता आम्ही दोघं मुख्य ऑफिसात जाऊन बसतोय आणि कुणी गाडी काढेपर्यंत उठणार नाही. तारही केली आहे, पण तुमच्याकडे तार टपालाच्याच थैलीतून येते. जे आधी हाती पडेल ते.

एक मला लिहिलंच पाहिजे. त्या दिवशी दुकानात नन्नासाहेबांनी विचारलं होतं, "तिथे दगड रचलेले होते का? कुणी हलवले का?" पत्रातला तेवढा भाग मी मोठ्याने वाचला नव्हता. चारचौघांत माझ्या सल्ल्यावर ते नाक मुरडतील म्हणून मी म्हणालो, दगडांचं मला काही ठाऊक नाही. तेव्हा खरं बोललो असतो तर दोन आठवडे हातात होते.

वाचत बसू नकोस. नीघ.

मामा

*

२ मे
शाळेचा हॉल

मामा,

आम्ही जिवंत आहोत एवढीच तार तुला केली आणि येऊ नकोस म्हणून दुसरी केली. दुसरीचं कारण आज लिहिते.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. मी ह्यांना सगळं सांगितलं, दगड, रजिस्टर, खळगा. ते कुबड्या घेऊन डोहापर्यंत गेले, पाण्यात हात घालून माती बोटांत चोळली आणि परत येऊन मला म्हणाले, "पोरीला घेऊन चढ." स्वतः भोंग्यापाशी गेले. मी टेकडीवर पोचले तरी भोंगा चालू होता. ऑफिसची गाडी आली तेव्हा साडेपाच वाजले होते, त्यातल्या लोकांनीच ह्यांना ओढून वर आणलं. साडेसहाला बांध खचला. आधी आमच्या घरावरचं गवत आत गेलं, मग घर गेलं. आवाज मी सांगू शकत नाही. छकुलीचे कान मी दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

वस्ती वेळेत निघाली. फक्त गिरणीवाला राहिला. गिरणी चालू होती, त्या घरघराटात त्याला भोंगा ऐकू गेला नाही. शेजारचे समजले की तो पुढे गेलाय. त्याची बायको बहिणीकडे गेली होती म्हणून वाचली. ती ह्याच हॉलमध्ये आहे, आमच्यापासून तिसऱ्या चटईवर. परवा छकुलीला थंडी वाजत होती तेव्हा तिने आपलं पांघरूण आणून दिलं आणि मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने भोंगा वाजवला नसता तर आम्ही कुणीच उरलो नसतो." मामा, मला ते पांघरूण अंगावर घेता येईना आणि परतही देता येईना.

चौकशी समिती बसली आहे. पहारेचे घाव असलेले दगड त्यांना खाली मिळाले. कुणी काढले म्हणून विचारलं तर हे म्हणाले, "मी." एकाने विचारलं, पाय मोडलेला माणूस पहार कशी चालवेल? हे म्हणाले, "पाय मोडायच्या आधी." रजिस्टरचं अक्षरही आपलंच म्हणाले. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "छकुलीला आई हवी. तू काही बोलायचं नाहीस." बारा तारखेला त्यांच्या लेखी जबाबावर सही आहे. वकील म्हणतो, तुरुंग चुकणार नाही.

तुझी पत्रं घराबरोबर गेली. माझी तुझ्याकडे आहेत. ती जाळ आणि इकडे येऊ नकोस. म्हणजे कुणालाच काही कळणार नाही. हे माझ्या मनाला पटतंय असं समजू नकोस, पण ह्यांनी हात जोडून मागितलंय.

ठकू

*

७ मे

ठकू,

तुझं पत्र आलं आणि मी तुझी सगळी पत्रं घेऊन शेगडीपाशी गेलो, हे आधी कबूल करतो. काडीही ओढली. मग वरचंच पत्र वाचलं, अडीच किलोच्या बासचं. ते दुकानात वाचताना मी किती फुशारलो होतो! काडी बोटाला लागली तेव्हा भानावर आलो.

दुकान गेले तीन आठवडे बंद आहे. टेबलावर अर्धा कोरलेला मासा पडला आहे, त्याला हात लावावासा वाटत नाही. नन्नासाहेब रोज येतात, बाहेरच्या बाकावर बसतात आणि जातात. काल मी त्यांना सांगितलं की दगड काढायला मीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जावईबापू मोठ्या मनाचे आहेत. पण ठकू, त्या बाईच्या शेजारी तू किती दिवस झोपणार? आज ती तुला पांघरूण देते. मी एकदा दगडांबद्दल खोटं बोललो आणि ते गिरणीवाल्याला भोवलं. पुन्हा त्याच दगडांबद्दल खोटं राहू द्यायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. तुला माझा राग येईल. ये. लहानपणापासून तुझा हट्ट पुरवला, आज नाही पुरवत.

मी समितीपुढे उभा राहून सांगणार आहे की ते दगड काढा असं मी लिहिलं होतं. ते विचारतील, कुणाला लिहिलं होतं? तेव्हा मी गप्प राहीन आणि तुझ्याकडे बघेन. तुझी पत्रं माझ्या पिशवीत असतील. तू बोललीस तर ती टेबलावर ठेवीन आणि तुझ्या शेजारी उभा राहीन, जी शिक्षा होईल तिच्यात माझाही वाटा मागेन. तू बोलली नाहीस तर मी काय करेन, ते मला आज खरंच माहीत नाही. राहता राहिली छकुली. दुकान विकायला काढलंय. ती एकटी पडणार नाही, एवढंच छातीठोकपणे सांगू शकतो.

दहा तारखेच्या गाडीने निघतोय, अकराला दुपारी पोचेन. स्टेशनवर कुणी येऊ नका, मी विचारत विचारत येतो. जावईबापूंना म्हणावं, मी येईपर्यंत कुठेही सही करू नका.

मामा